मंजूर झालं, मग अडलं कुठे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

इंदूरच्या ८५ वॉर्डांपैकी काही वॉर्डांचे पार्षद म्हणजे नगरसेवक आता कामांचा आढावा थेट रहिवाशांच्या मोबाइलवर पाठवतात. कोणता रस्ता मंजूर झाला, कुठे नवी ड्रेनेज लाइन पडणार, पाण्याच्या तक्रारीचं काय झालं, हे घरबसल्या कळतं. ही पद्धत टिकली पाहिजे. पण आढाव्यातली ओळ आणि गल्लीतलं काम यांच्यामध्ये बरीच कार्यालयं आणि बऱ्याच सह्या असतात. या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलच आहेत.

प्रश्न : आमच्या गल्लीचा सिमेंट रस्ता मंजूर झाल्याचं पार्षदांच्या आढाव्यात तीनदा आलं. भूमिपूजनाचा नारळही फुटला. काम मात्र सुरू नाही. विचारलं की 'प्रक्रियेत आहे' एवढंच उत्तर मिळतं. आम्ही नेमकं काय विचारावं?
— लोकमान्य नगरमधील वाचक

उत्तर : नगर निगममध्ये म्हणजे महापालिकेत काम एका सहीने मंजूर होत नाही. आधी उपयंत्री म्हणजे सब-इंजिनिअर जागेवर येऊन मोजमाप घेतात आणि प्राक्कलन म्हणजे खर्चाचा अंदाज तयार करतात. त्यात लांबी, रुंदी, जाडी, खोदाई आणि ठरलेल्या दरसूचीप्रमाणे येणारा खर्च असतो. वरिष्ठ यंत्री त्याला तांत्रिक स्वीकृती देतात. मग प्रशासकीय आणि वित्तीय स्वीकृती लागते. रक्कम लहान असेल तर ती आयुक्तांच्या पातळीवर मिळते, मोठी असेल तर महापौर परिषदेत म्हणजे एमआयसीत आणि त्याहून मोठी असेल तर सगळ्या पार्षदांच्या परिषदेच्या बैठकीत. त्यानंतर राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर टेंडर निघतं. आधी तांत्रिक आणि मग दरांचं पाकीट उघडतं, ठेकेदार सुरक्षा ठेव भरतो, करारनामा होतो आणि तेव्हा कुठे कार्यादेश निघतो. त्यावर क्रमांक, तारीख आणि काम पुरं करण्याची मुदत असते. रस्ता खरोखर होणार याची पहिली भरवशाची खूण हीच. भूमिपूजन यातल्या कोणत्याही टप्प्यावर होऊ शकतं, त्यावरून काही ठरवू नका.

म्हणून 'कधी होणार?' हा प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी विचारा: प्राक्कलन किती रुपयांचं आहे? पैसा कोणत्या मदीतला, पार्षद निधी, महापौर निधी, आमदार निधी की एखाद्या योजनेतला? प्रशासकीय स्वीकृतीचा क्रमांक काय? टेंडर निघालं असेल तर त्याचा क्रमांक काय? कार्यादेश निघाला का आणि कोणाच्या नावाने? ज्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, काम बहुधा तिथेच अडलेलं असतं.

अडण्याची कारणं फार नाहीत. टेंडरला कोणी आलंच नाही, हे एक. आधीच्या कामांची बिलं थकली की ठेकेदार नव्या टेंडरपासून लांब राहतात. कधी कोणी प्राक्कलनापेक्षा फारच खालचा दर भरून काम घेतो आणि ते परवडत नाही म्हणून सुरूच करत नाही. अशा वेळी झोनच्या कार्यपालन यंत्र्यांनी नोटीस दिली का, हे विचारा. मार्च उलटला आणि कार्यादेश निघाला नसेल, तर नव्या अंदाजपत्रकात तरतूद पुन्हा धरली गेली का, तेही पाहा. आणखी एक कारण खरोखर रास्त आहे: रस्त्याखालची नर्मदेच्या पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन बदलायची बाकी असणं. तसं असेल तर थांबा. लाइनआधी रस्ता करायला लावणं म्हणजे वर्षाच्या आत तो फोडायला लावणं. मात्र त्या लाइनचा कार्यादेश निघाला का, हे तिथल्या तिथे विचारून घ्या.

पार्षदांकडून ही माहिती मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकारात नगर निगमच्या लोकसूचना अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. कायद्यात या दोन भाषा आणि त्या प्रदेशाची राजभाषा एवढीच सोय आहे आणि आपल्याकडे ती राजभाषा हिंदीच आहे. 'काम का झालं नाही' असं अर्जात लिहू नका. कारण सांगणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, नोंदीत असलेला कागद देणं आहे. 'अमुक वॉर्डातील अमुक ते अमुक घरापर्यंतच्या रस्त्याचं प्राक्कलन, प्रशासकीय स्वीकृती, टेंडर स्वीकृतिपत्र आणि कार्यादेश यांच्या प्रमाणित प्रती' असं मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या विभागात गेला असेल, तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं ही त्यांची जबाबदारी आहे. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. मध्य प्रदेशात त्याला ५० रुपये लागतात.

प्रश्न : आमच्याकडे रस्ता एकदाचा सुरू झाला आहे. आम्ही काही इंजिनिअर नाही. काम चांगलं होतंय की नाही, हे उभ्या उभ्या कसं ओळखायचं?
— सुदामा नगरमधील रहिवासी

उत्तर : काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी जे दिसतं, ते नंतर कधीच दिसत नाही. तेव्हा लक्ष आधी द्या. जुना रस्ता खोदून काढला आहे की त्याच्यावरच थर चढतोय? नुसता थर चढवला तर रस्ता घरांच्या ओट्यापेक्षा वर जातो आणि पहिल्या पावसात पाणी अंगणात शिरतं. खालचा मुरमाचा किंवा गिट्टीचा थर पाणी मारून रोलरने दाबला आहे का? मोकळ्या भरावावर ओतलेला रस्ता मधूनच खचतो आणि तडा जातो. ड्रेनेजच्या चेंबरची तोंडं नव्या उंचीपर्यंत आधीच वर घेतली आहेत का? नंतर ती फोडून वर घेतली की प्रत्येक चेंबरभोवती खड्डा ठरलेलाच.

जाडी मोजायला अभियंता लागत नाही. कडेला लावलेल्या लोखंडी फर्म्याची उंची टेपने मोजा आणि प्राक्कलनातल्या आकड्याशी ताडून बघा. पण फक्त कडेला मोजू नका. दोन फर्म्यांवर आडवी दोरी ताणा आणि मध्यभागी दोरीपासून जमिनीपर्यंत माप घ्या. चोरी झाली तर ती मध्यावर होते. पुऱ्या झालेल्या रस्त्याला दोन्ही कडांकडे साधारण २ टक्के उतार हवा, म्हणजे मीटरला २ सेंटिमीटर. मिक्सरमधून आलेला माल पसरवायला सोपा जावा म्हणून मजूर त्यात पाणी ओतताना दिसले तर लगेच फोटो काढा आणि उपयंत्र्यांना फोन करा. जास्तीच्या पाण्याने काँक्रीटची ताकद उतरते. वर्षभरात वरचा थर भुकटीसारखा उडू लागतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

त्याच दिवशी १५ सेंटिमीटरचे घनाकृती नमुने भरले जायला हवेत. त्यांची चाचणी ७ आणि २८ दिवसांनी होते. काँक्रीट घट्ट झालं की साधारण २४ तासांच्या आत यंत्राने आडवे सांधे कापायचे असतात, दर साडेचार मीटरच्या आसपास. सांधे उशिरा कापले तर रस्ता स्वतःच हवा तिथे फुटतो. मग १४ दिवस पाणी. गोणपाट अंथरून ते ओलं ठेवा किंवा मातीचे वाफे करून पाणी साठवा. सकाळी एकदा पाइप फिरवला की उन्हाळ्यात तो रस्ता दुपारी कोरडाठणठणीत होतो, त्याला क्युरिंग म्हणत नाहीत. नळ एक दिवसाआड येतो, पाणी कुठून आणायचं, असं ठेकेदार म्हणतो. क्युरिंगच्या पाण्याचा खर्च त्याच्या दरातच धरलेला असतो, टँकर त्याने आणायचा.

पेव्हर ब्लॉक लावत असतील तर जाडी विचारा. कॉलनीच्या हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर चालतात, पण कचऱ्याच्या गाड्या आणि पाण्याचे टँकर रोज येत असतील तर ८० मिलिमीटरचेच हवेत.

काम झाल्यावर संशय उरला, तर माहितीच्या अधिकारात कागद तर मिळतातच, पण चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचाही हक्क आहे. कलम २ (ञ) मध्ये तो दिला आहे. माप पुस्तिकेची प्रत जरूर मागा. ठेकेदाराला पैसे तिच्यातल्या लांबी-रुंदी-जाडीवर मिळतात. तिच्यातला आकडा आणि तुमच्या टेपचा आकडा यांत फरक असेल, तर वेगळा पुरावा शोधायची गरज नाही. करारात दोषदायित्वाची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यासाठी नवं टेंडर काढू देऊ नका.

प्रश्न : नळाला पहिली काही मिनिटं गढूळ, वास येणारं पाणी येतं. पार्षदांनी 'लाइन तपासली, दोष आढळला नाही' असं कळवलं आहे. आम्ही काय करावं?
— रामबाग परिसरातील गृहिणी

उत्तर : हे पत्र आम्ही सगळ्यांत गंभीर मानतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात जलवाहिनीत सांडपाणी मिसळून लोक दगावले. त्यानंतर तरी 'थोडं गढूळ आहे, पाच मिनिटं सोडून द्या' असं कोणीही म्हणू नये.

दोष कसा येतो ते समजलं की तक्रार नेमकी करता येते. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापत, घाट चढून इंदूरला येतं. १९७८ पासून शहराची मदार त्याच्यावर आहे. टाक्यांपर्यंत ते शुद्ध केलेलं असतं. पुढे मात्र बऱ्याच भागांत पुरवठा एक दिवसाआड, तोही थोडा वेळ होतो. मधल्या काळात लाइन रिकामी राहते. लाइनला कुठे भोक असेल आणि बाजूला ड्रेनेज किंवा नाली असेल, तर रिकाम्या लाइनमध्ये बाहेरचं पाणी शिरतं. पुरवठा सुरू झाला की तेच आधी नळाला येतं. थेट लाइनला मोटर लावून पाणी ओढणारी घरं ही अडचण वाढवतात, कारण मोटर नळाच्या पाण्याबरोबर भोकातून नालीचं पाणीही ओढते. तपासणी पुरवठा चालू असताना, पूर्ण दाबाला झाली असेल, तर दोष दिसणारच नाही. तेव्हा 'दोष आढळला नाही' हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही.

आता काय करायचं ते सांगतो. नळ सुरू होताच काचेच्या स्वच्छ बाटलीत पहिलं पाणी भरा, ५ मिनिटांनी दुसरी बाटली, १५ मिनिटांनी तिसरी. प्रत्येकीवर वेळ लिहा आणि तिन्हींचा एकत्र फोटो काढा. शेजारच्या चार-पाच घरांतही तेव्हाच पाहा. एकट्या तुमच्याकडे गढूळ येत असेल तर बहुधा तुमच्या घरजोडणीचा पाइप नालीतून जातोय आणि गंजलाय. तो बदलणं घरमालकाचं काम, आणि नवा पाइप नालीच्या वरून घेणं भाग आहे. ओळीतल्या सगळ्यांकडे येत असेल तर दोष रस्त्याखालच्या लाइनमध्ये. मग क्लोरीन तपासा. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये थेंब टाकले की पिवळा रंग येतो. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असायला हवा. टाकीजवळच्या घरांत क्लोरीन आहे आणि तुमच्याकडे अजिबात नाही, तर मधे काहीतरी घाण तो खाऊन टाकतेय. तक्रारीत हेच लिहा.

जंतूंच्या तपासणीसाठी पाणी घरच्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्या, ती बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांच्या आत परत पोहोचवा. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही चालत नाही. नुसता टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजून समाधान मानू नका. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस ५०० च्या आत असू शकतो.

अहवाल येईपर्यंत पिण्याचं पाणी खळखळ उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळवा. गढूळ असेल तर आधी दुहेरी सुती कापडातून गाळा. हौद आणि गच्चीवरची टाकी रिकामी करून घासा. १००० लिटरच्या टाकीला ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर साधारण १६५ ग्रॅम घ्या, बादलीत कालवा, निवळ टाकीत ओता आणि टाकी भरून निदान रात्रभर, जमल्यास २४ तास ठेवा. मग घरातले सगळे नळ सोडून ते पाणी वाहून जाऊ द्या. ते पिऊ नका, झाडांनाही घालू नका. घरात कोणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस लगेच द्या आणि एकाच गल्लीत दोन-तीन घरांत रुग्ण दिसले तर त्याच दिवशी आरोग्य विभागाला कळवा. लाइन दुरुस्त होईपर्यंत टँकरची लेखी मागणी करा.

प्रश्न : नगर निगमच्या ३११ ॲपवर तक्रार केली. काम झालं नाही आणि तक्रार 'निराकृत' म्हणजे निकाली निघालेली दाखवते. असं का होतं?
— राजेंद्र नगर

उत्तर : बरेचदा तक्रारीच्या लिहिण्यातच फट राहते. एका तक्रारीत दिवा, चेंबर आणि कचरा असे तीन विषय घातले, की एक दिवा लावून सगळी तक्रार बंद करता येते. विषय तीन तर तक्रारी तीन. जागेची खूण घर क्रमांकाने द्या, 'मंदिराजवळ' असं लिहू नका. फोटोत घराची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक येऊ द्या. 'कृपया लक्ष द्यावे' असं लिहिलं की लक्ष दिल्याचं उत्तर येतं. 'चेंबरचं तुटलेलं झाकण बदलावे' असं लिहा. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तक्रार बंद झाली की त्याच जागेचा त्या दिवशीचा फोटो काढा.

तरीही काम झालं नाही तर १८१ वर मुख्यमंत्री हेल्पलाइन. तिथे तक्रार एल-१ ते एल-४ अशा चार पायऱ्या चढते. मुदतीत निकाल लागला नाही किंवा तुम्ही असमाधानी असलात, तर ती वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. इथे सगळ्यात मोठी चूक फोनवर होते. झोनमधून फोन येतो, 'काम दोन दिवसांत करतो, तुम्ही समाधानी म्हणून सांगा.' भिडेखातर हो म्हटलं की तक्रार संपली. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. कर्मचाऱ्याशी सौजन्याने बोला, पण तक्रार बंद होऊ देऊ नका. विषय न्यायालयात असेल तर ही हेल्पलाइन कामाची नाही. मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनावणीही आहे. तिथे जाताना आधीच्या दोन्ही तक्रारींचे क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत घाला.

नवीन नळजोडणीसारख्या सेवांना तक्रारीची वाट धरू नका. त्या मध्य प्रदेशच्या २०१० च्या लोकसेवा हमी कायद्यात येतात. अर्ज लोकसेवा केंद्रात द्या आणि शेवटची तारीख लिहिलेली पावती घेतल्याशिवाय उठू नका. पावती नसेल तर मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील, त्या निर्णयानंतर ६० दिवसांत दुसरं. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्यातून अर्जदाराला भरपाईही मिळू शकते.

प्रश्न : पावसाळ्यात चेंबर उसळतात आणि घाण पाणी बॅकलेनमध्ये म्हणजे घरांमागच्या गल्लीत येतं. पार्षद म्हणतात लोकांचीच चूक आहे. हे खरं आहे का?
— एक वाचक, टिळक नगर

उत्तर : काही अंशी खरं आहे. ड्रेनेज लाइन घरातल्या सांडपाण्याच्या हिशेबाने टाकलेली असते. गच्चीच्या पाइपचं तोंड चेंबरमध्ये सोडलं की हिशेब कोलमडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १००० लिटर पाणी होतं. अशी ३० घरं एका लाइनला असतील तर एका सरीत ३० हजार लिटर. लाइन ते ओढू शकत नाही आणि सर्वांत खालच्या घराजवळच्या चेंबरमधून उसळतं. गच्चीचं पाणी बोरिंगजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात किंवा पावसाच्या वेगळ्या नालीत सोडा.

राहिलेला भाग नगर निगमचा. पावसाळ्याआधी लाइनमधला गाळ काढला का, आणि काढलेला गाळ उचलून नेला का, हे पाहा. चेंबरच्या काठावर ठेवलेला गाळ पहिल्याच सरीत परत आत जातो. कान्ह आणि सरस्वती नद्यांना मिळणारे नाले टॅप करून, म्हणजे त्यांत पडणारं सांडपाणी अडवून, शहराने २०२१ मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीचं देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' प्रमाणपत्र मिळवलं. ते टिकवायचं तर बॅकलेनमधलं सांडपाणी पुन्हा नाल्यात जाता कामा नये. चेंबरमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवून सफाई करणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तसं दिसलं तर तिथेच थांबवा आणि जेटिंग मशीन मागवा.

प्रश्न : नातवाचा जन्म दाखला काढायचा राहिला. मूल आता चौदा महिन्यांचं आहे.
— एक आजोबा

उत्तर : आधी रुग्णालयात विचारा. जन्म रुग्णालयात झाला असेल तर नोंद त्यांनीच केलेली असायला हवी, तुम्हाला फक्त प्रत काढायची असेल. नोंद खरोखर राहिली असेल तर एक वर्ष उलटल्यामुळे एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा अधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. २१ दिवसांत ती फुकट झाली असती. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा आता लांबवू नका. नाव न घालता नोंद झाली असेल तर वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंबशुल्क देऊन.

प्रश्न : संपत्तीकर आणि जलकर थकला आहे. पार्षदांनी लोक अदालतीत यायला सांगितलं. किती सूट मिळते?
— वैशाली नगर

उत्तर : सूट फक्त अधिभारावर म्हणजे थकल्यामुळे लागलेल्या जादा रकमेवर असते, मूळ करावर नाही. गेल्या काही वर्षांतल्या शासनाच्या आदेशांप्रमाणे, संपत्तीकर आणि अधिभार मिळून थकबाकी ५० हजारांपर्यंत असेल तर अधिभार १०० टक्के माफ, ५० हजार ते १ लाखपर्यंत ५० टक्के, त्यावर २५ टक्के. जलकरात १० हजारांपर्यंत १०० टक्के, १० ते ५० हजारांपर्यंत ७५, त्यावर ५० टक्के. राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून चारदा होते, प्रत्येक वेळचा आदेश झोन कार्यालयात लागलेला असतो, तो वाचून जा. थकबाकी ५० हजारांच्या किंचित वर गेलेली असेल तर अदालतीआधी काही रक्कम भरून ती खाली आणता येते का, हे आधीच बिल कलेक्टरला विचारा. स्वतः राहत असलेल्या घराला करात निम्मी सूट असते. खात्यावर घर चुकून 'भाड्याने' असं लागलं असेल तर आधी ती दुरुस्ती करून घ्या, थकबाकीच कमी होईल.

प्रश्न : 'वॉर्ड कुत्रामुक्त करू' असं आश्वासन मिळालं आहे. होईल का?
— सुखलिया

उत्तर : या शब्दांत होणार नाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे मोकाट कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस करून त्याला उचलला त्याच भागात सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच कायम ठेवलं. रेबीज झालेली, त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री यांना अपवाद केलं. ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हटवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणून मागणी अशी करा: वॉर्डातल्या किती कुत्र्यांची नसबंदी झाली, उरलेल्यांची कधी, आणि चावणाऱ्या कुत्र्याला निरीक्षणाखाली कधी नेणार. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, मोजणी तुम्हीही करू शकता. कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, तिखट-चुना काही लावू नका आणि त्याच दिवशी लस सुरू करा. दंडातली लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिन हे जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या.

प्रश्न : आमच्या कॉलनीत दिवे नाहीत, रस्ता नाही. पार्षद म्हणतात कॉलनी अजून नगर निगमकडे आलेलीच नाही. कर मात्र आम्ही भरतो. दाद कुठे मागायची?
— बायपासजवळच्या एका कॉलनीचा रहवासी संघ

उत्तर : पार्षद टाळत नाहीत, अडचण खरी आहे. कॉलनी हस्तांतरित होईपर्यंत रस्ते, दिवे, ड्रेनेज ही जबाबदारी कॉलोनायझरची, म्हणजे कॉलनी वसवणाऱ्या बिल्डरची. नगर निगमने तिथे पैसा खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. तुम्ही भरता तो संपत्तीकर तुमच्या इमारतीवरचा आहे, त्याने हस्तांतर होत नाही.

संघाने आधी नगर निगमच्या कॉलनी सेलमधून तीन कागद मिळवावेत: विकास परवानगी, मंजूर ले-आउट आणि पूर्णता प्रमाणपत्र दिलं असल्यास त्याची प्रत. परवानगीत कोणती कामं करायची हे लिहिलेलं असतं. तिच्याशी ताडून काय अपुरं आहे त्याची यादी फोटोंसह करा. विकासकामं पुरी व्हावीत म्हणून कॉलोनायझरचे काही भूखंड नगर निगमकडे तारण ठेवलेले असतात. ते भूखंड कोणते, आणि ते सोडले गेले आहेत का, हे लेखी विचारा. काम अपुरं असताना भूखंड सोडले असतील तर ते कोणाच्या सहीने सोडले, हे आयुक्तांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अजून तारणात असतील तर ते विकून कामं पुरी करावीत, अशी मागणी करा. पार्षदांना दिव्यासाठी निवेदन देत बसू नका. त्यांच्या लेटरहेडवर आयुक्तांना हस्तांतराचं पत्र लिहून घ्या आणि परिषदेच्या पुढच्या बैठकीत तो प्रश्न लेखी विचारायला सांगा. लेखी प्रश्नाचं उत्तर कार्यवृत्तात जातं आणि ते पुढे तुमच्या कामी येतं. परवानगीच नसलेली कॉलनी असेल तर वाट वेगळी: आधी ती नियमित करण्याच्या यादीत आहे का ते पाहा, आणि त्यासाठी विकासशुल्क भरण्याची संघाची तयारी आहे का, हे सदस्यांची बैठक घेऊन लिहून ठेवा. विजेचं कनेक्शन आणि मीटर हे या सगळ्यातून वेगळं आहे. त्यासाठी वीज वितरण कंपनीचा १९१२ हा क्रमांक लावा, हस्तांतराची वाट पाहू नका.